मोबाइलवर जुनाच फोटो का दिसतो? वेबसाइटच्या फोटोंचा ‘कॅश’ काय असतो, कसा लावायचा, कसा काढायचा

तालुका वार्ताहर

मागच्या हंगामातली गोष्ट. सकाळी सहाला मोबाइलवर बाजारभावाचं पान उघडलं. त्या पानावर रोज भावफलकाचा फोटो टाकतात. फोटोत कांद्याचा भाव २१०० दिसला. चाळीतला माल पिकअपमध्ये भरला, २० क्विंटल. बाजारात पोचलो तर फलकावर १७००. विचारलं तर म्हणाले, “दादा, २१०० परवाचा होता. कालपासून उतरलाय.” क्विंटलमागं ४०० म्हणजे ८ हजारांचा फरक. माल परत आणायचा तर गाडीभाडं अंगावर. तिथंच विकून आलो.

पान चालवणाऱ्यानं फोटो बदलला नव्हता का? बदलला होता. शेजारच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर त्याच वेळी नवीन फोटो दिसत होता. जुना दिसला तो माझ्याच मोबाइलवर. असं का झालं हे पुतण्याला विचारलं, तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कामाला आहे. तो म्हणाला, “काका, तुमच्या फोनमध्ये कॅश राहिलाय.” मी म्हटलं, “अरे, कॅश राहिली असती तर रडलो कशाला असतो!”

हा कॅश म्हणजे नगद पैसे नव्हेत. त्यानंतर बरेच दिवस या विषयाच्या मागं लागलो, विचारलं, करून पाहिलं. आता आपल्या तालुक्यात ग्रामपंचायत, शाळा, शेतकरी कंपन्या, दूध संस्था, दुकानदार अशा बऱ्याच जणांची वेबसाइट किंवा ॲप आहे. ते चालवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांनाही कामाला यावं म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

कॅश म्हणजे काय?

घरात मिठाचा डबा असतो. भाजीत चिमूटभर मीठ टाकायला कुणी दुकानात जात नाही. एकदा पुडा आणायचा, डब्यात भरायचा, संपेपर्यंत डब्यातलंच वापरायचं. कॅशचंही तसंच आहे. एकदा आणलेली वस्तू जवळ ठेवायची आणि पुन्हा लागली की लांब न जाता जवळचीच वापरायची.

हा शब्द फ्रेंच भाषेतल्या ‘लपवणे’ या अर्थाच्या शब्दावरून आलाय. इंग्रजीत त्याचा उच्चार नगद पैशाच्या ‘कॅश’सारखाच होतो, म्हणून घोटाळा होतो. मोबाइलच्या मराठी सेटिंगमध्ये काही ठिकाणी ‘कॅशे’ असंही लिहिलेलं सापडेल. दोन्ही एकच.

वेबसाइटचे फोटो लांबच्या एका कॉम्प्युटरवर ठेवलेले असतात, त्याला सर्व्हर म्हणतात. आपण पान उघडलं की मोबाइलचा ब्राउझर, म्हणजे क्रोम वगैरे, सर्व्हरकडून एकेक फोटो मागवतो. संस्थेचं बोधचिन्ह, वरची पट्टी, फोनचं छोटं चित्र हे प्रत्येक पानावर तेच असतं. ते दरवेळी नव्यानं मागवण्यात अर्थ नाही. म्हणून ब्राउझर ते मोबाइलच्या पोटात जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच दाखवतो. जे फोटो प्रत्येकाला सारखेच दिसतात आणि सारखे बदलत नाहीत त्यांना ‘स्टॅटिक’ म्हणजे स्थिर फोटो म्हणतात. कॅशचा खरा फायदा यांनाच.

फायदा किती, हिशोब मांडून पाहू

समजा एका पानावर २० फोटो आहेत आणि ते मोबाइलनं काढून तसेच्या तसे चढवलेत. एक फोटो ३ एमबीचा धरा. २० गुणिले ३, झाले ६० एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर हे पान साधारण २५ वेळा उघडलं की पॅक खलास. वस्तीवर रेंजची एकच काडी असते, तिथं ६० एमबी उतरायला चहा थंड होतो.

कॅश नीट लावला असेल तर हे ६० एमबी पहिल्यांदाच जातात. दुसऱ्यांदा पान उघडलं की फोटोंचा खर्च जवळपास शून्य आणि पानही झटकन दिसतं. सर्व्हरवरचा भारही हलका होतो. निकालाच्या दिवशी किंवा यात्रेच्या दिवशी एकदम हजार माणसं पानावर येतात, तेव्हा याची किंमत कळते.

पण एक लक्षात ठेवा, पहिल्यांदा येणाऱ्याला कॅशचा उपयोग नाही. त्याच्यासाठी आधी फोटोच हलका करायला हवा. मोबाइलवर बघायच्या फोटोची रुंदी हजार-बाराशे पिक्सेल पुष्कळ झाली. तेवढा लहान करून जेपेग किंवा वेबपी प्रकारात ठेवला की ३ एमबीचा फोटो बहुतेक वेळा १००-२०० केबीवर येतो. आधी फोटो हलका करा आणि मग कॅश लावा.

साठा कुठं-कुठं असतो?

पुष्कळांना वाटतं साठा फक्त मोबाइलमध्ये असतो. तसं नाही, वाटेत तीन-चार डबे असतात.

पहिला, ब्राउझरचा. तो आपल्या मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये, आपल्यापुरता.

दुसरा, ॲपचा. काही ॲप आणि वेबसाइट ‘सर्व्हिस वर्कर’ नावाची सोय वापरून फोटो स्वतः साठवतात, त्यामुळं रेंज नसतानाही पान उघडतं. शेतात उभं राहून वापरायच्या ॲपला ही सोय फार उपयोगी. पण हा साठा ब्राउझरच्या साठ्यापेक्षा वेगळा असतो आणि तो कधी बदलायचा हे ॲप बनवणाऱ्यालाच ठरवून लिहावं लागतं.

तिसरा, वाटेतल्या वितरण कंपनीचा. याला सीडीएन म्हणतात. अकामाई, क्लाउडफ्लेअर या त्यातल्या मोठ्या कंपन्या. त्या वेगवेगळ्या शहरांत फोटोच्या प्रती ठेवतात आणि जवळच्या ठिकाणाहून देतात. खताच्या कंपनीनं तालुक्याला गोदाम ठेवावं तसं.

चौथा, सर्व्हरचा स्वतःचा. वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटवर कॅशचं प्लगइन असतं, तो हा प्रकार.

फोटो बदलला तरी जुना दिसतोय अशी तक्रार आली, तर यापैकी कुठल्या डब्यात जुना माल राहिलाय हे शोधावं लागतं.

फोटो किती दिवस ठेवायचा हे कोण ठरवतं?

सर्व्हर फोटो पाठवताना सोबत एक चिठ्ठी पाठवतो. औषधाच्या पुड्यावर मुदत छापलेली असते तशी. या चिठ्ठीला हेडर म्हणतात आणि त्यातल्या मुख्य ओळीचं नाव ‘कॅश-कंट्रोल’. प्रत्यक्ष सेटिंगमध्ये ही नावं इंग्रजीतच लिहायची असतात. त्यात येणारे शब्द असे:

मॅक्स-एज: किती सेकंद साठ्यातला फोटो ताजा धरायचा. एक तास म्हणजे ३,६००, एक दिवस ८६,४००, एक आठवडा ६,०४,८००, ३० दिवस २५,९२,००० आणि एक वर्ष ३,१५,३६,००० सेकंद. सेटिंगमध्ये आकडा स्वल्पविराम न देता लिहायचा.

नो-कॅश: या नावानं भलेभले फसतात. याचा अर्थ ‘साठवू नको’ असा नाही. साठव, पण दरवेळी वापरण्याआधी सर्व्हरला विचार, असा आहे.

नो-स्टोअर: हा खरा ‘अजिबात साठवू नको’.

प्रायव्हेट: फक्त त्या माणसाच्या मोबाइलनं साठवावं, वाटेतल्या सीडीएननं नाही.

इम्म्युटेबल: हा फोटो कधीच बदलणार नाही, मुदत असेपर्यंत विचारायलाही येऊ नको.

मुदत संपली म्हणजे ब्राउझर फोटो लगेच फेकून देतो असं नाही. तो सर्व्हरला विचारतो, “माझ्याकडं ही प्रत आहे, बदललाय का?” ओळख पटवायला फोटोचा एक शिक्का असतो, त्याला ईटॅग म्हणतात, किंवा शेवटच्या बदलाची तारीख असते. फोटो तोच असेल तर सर्व्हर ‘३०४’ असं छोटं उत्तर देतो. म्हणजे बदललेला नाही, तुझ्याजवळचाच वापर. फोटो पुन्हा उतरवावा लागत नाही. बदलला असेल तर ‘२००’ या क्रमांकाच्या उत्तरासोबत नवीन फोटो येतो.

आणि सर्व्हरनं मुदत लिहिलीच नाही तर? मग ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. फोटो शेवटचा बदलून जितके दिवस झाले, साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके दिवस तो ताजा धरण्याची पद्धत आहे. १०० दिवसांपूर्वीचा फोटो असेल तर १० दिवस. म्हणून ‘आम्ही कॅश लावलाच नाही’ म्हणणाऱ्यांकडंही जुने फोटो दिसतात. मुदत आपण लिहावी, अंदाजावर सोडू नये.

हे नियम जगभर सारखे आहेत. सध्या चालू असलेला मसुदा २०२२ साली निघाला, त्याचं नाव आरएफसी ९१११.

माझा घोटाळा कसा झाला?

भावाचं पान हळू उघडतं अशी तक्रार होती. चालवणाऱ्याला कुणीतरी सल्ला दिला, ‘सगळ्या फोटोंना आठवड्याचा कॅश लाव.’ त्यानं लावला. पान झटझट उघडायला लागलं. पण ‘सगळ्या’ फोटोंत भावफलकाचा फोटोही आला. तो रोज एकाच नावानं, ‘भाव’ नावाच्या फाइलवर, नवीन फोटो चढवायचा. माझ्या मोबाइलनं परवा ‘भाव’ उतरवला, चिठ्ठीवर मुदत सात दिवस. आज पान उघडल्यावर मोबाइलनं बघितलं, ‘भाव’ माझ्याकडं आहे, मुदत बाकी आहे. सर्व्हरकडं गेलाच नाही, परवाचा दाखवला. शेजाऱ्यानं दोन दिवस पान उघडलेलं नव्हतं आणि त्याच्या आधीच्या प्रतीची मुदत संपलेली होती, म्हणून त्याला नवीन दिसला.

म्हणजे मोबाइल चुकला नाही. सांगितल्याप्रमाणंच वागला. चूक नावाची आणि मुदतीची होती.

मी तेव्हा पान खाली ओढून रिफ्रेशही केलं होतं. पण क्रोममध्ये साध्या रिफ्रेशनं मुख्य पान नव्यानं तपासलं जातं, आतले फोटो मुदतीत असतील तर साठ्यातलेच येऊ शकतात.

दुसरी मोठी गोष्ट. चूक कळल्यावर चालवणाऱ्यानं सर्व्हरवरची मुदत कमी केली, तरी लोकांच्या मोबाइलमध्ये आधीच गेलेल्या फोटोंवर तिचा परिणाम होत नाही. सीडीएनचा साठा ‘पर्ज’ म्हणजे रिकामा करता येतो, पण लोकांच्या मोबाइलपर्यंत आपला हात पोचत नाही. पेरलेलं बी परत वेचता येत नाही. तिथं फोटोचं नाव बदलणं हाच उपाय.

वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी: काय, किती दिवस

१. बोधचिन्ह, पट्टी, छोटी चिन्हं: एक वर्ष ठेवा, पण फाइलच्या नावात क्रमांक घाला. बोधचिन्ह-१, बदललं की बोधचिन्ह-२. नाव नवीन म्हणजे मोबाइलच्या दृष्टीनं वस्तूच नवीन, तो मागवणारच. वेब ॲप्लिकेशन बनवणारी बरीच साधनं नावात असा शिक्का आपोआप घालतात.

२. बातमीतले, कार्यक्रमाचे, पिकांचे फोटो: हे सहसा बदलत नाहीत. ३० दिवस ते एक वर्ष चालेल.

३. रोज बदलणारे फोटो, म्हणजे भावफलक, पाण्याच्या पाळीचं पत्रक, लसीकरणाच्या तारखा: नावातच तारीख घाला. ‘भाव-१२-०३’ असं. नाव एकच ठेवायचं असेल तर ‘नो-कॅश’ लावा. मोबाइल दरवेळी विचारेल, फोटो तोच असेल तर ३०४ वर काम भागेल.

४. पान स्वतः: पानालाच लांबची मुदत देऊ नका. पानात फोटोचं नवीन नाव लिहिलेलं असतं. पानच जुनं राहिलं तर नवीन नाव लोकांना कळणार कसं? पानाला ‘नो-कॅश’ आणि फोटोंना लांब मुदत, ही जोडी बरोबर.

५. माणसांचे खाजगी कागद, म्हणजे आधारची प्रत, पासबुकाचा फोटो, जखमेचा फोटो: ‘नो-स्टोअर’. इथं वेगाचा विचारच करू नका. सेवा केंद्रात एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर पन्नास माणसं बसतात. एकाचा कागद साठ्यात राहून दुसऱ्याच्या हाती लागता कामा नये.

काही जण नाव न बदलता फोटोच्या पत्त्यापुढं प्रश्नचिन्ह टाकून क्रमांक वाढवतात. ब्राउझरला तोही नवीन पत्ता वाटतो, म्हणून चालतं. पण सीडीएनच्या सेटिंगमध्ये प्रश्नचिन्हापुढचा भाग सोडून द्यायला सांगितलेलं असेल तर तिथं जुनाच फोटो मिळेल. म्हणून फाइलचंच नाव बदललेलं जास्त खात्रीचं.

वर्डप्रेसमध्ये नेहमीच्या पद्धतीनं त्याच नावाचा फोटो पुन्हा चढवला तर नावापुढं आपोआप १, २ असा आकडा लागतो. त्यामुळं तिथं घोटाळा कमी. पण फाइल मॅनेजरमधून जुन्या फाइलवर नवीन फाइल टाकली की नाव तेच राहतं आणि गडबड होते.

मुदत लिहायची जागा सर्व्हरवर अवलंबून असते. अपाची असेल तर ‘एचटीॲक्सेस’ फाइलमध्ये, एनजिनएक्स असेल तर त्याच्या सेटिंग फाइलमध्ये. आपल्याला जमत नसेल तर होस्टिंगवाल्याला वरचे पाच मुद्दे वाचून दाखवा, त्याला कळेल.

लागलं की नाही, तपासायचं कसं?

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये पान उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ या भागात जा आणि पान पुन्हा उघडा. प्रत्येक फोटोपुढं तो कुठून आला ते दिसतं. ‘डिस्क कॅश’ किंवा ‘मेमरी कॅश’ लिहिलं असेल तर साठ्यातून आला. केबीचा आकडा असेल तर सर्व्हरवरून उतरला. फोटोवर क्लिक केलं की चिठ्ठीतली मुदतही वाचता येते. तिथंच ‘डिसेबल कॅश’ अशी चौकट आहे, तिच्यावर खूण असेल तर साठा वापरलाच जात नाही, म्हणून तपासताना ती काढून ठेवा.

दुसरा सोपा उपाय, नवीन फोटो टाकल्यावर स्वतःच्या मोबाइलवर बघून समाधान मानू नका. आदल्या दिवशी पान उघडलेल्या दोन-तीन जणांना फोन करून विचारा. इनकॉग्निटोमध्ये उघडलं तर साठा कोरा असतो, त्यामुळं सर्व्हरवर नवीन फोटो चढलाय एवढंच कळतं. लोकांना काय दिसतंय ते त्यातून कळत नाही.

वापरणाऱ्यांसाठी: साठा साफ कसा करायचा?

मोबाइलवर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबा, ‘ब्राउझिंग डेटा हटवा’ वर जा आणि फक्त ‘कॅशे केलेल्या इमेज आणि फाइल’ यावर खूण ठेवा. ‘कुकीज’वरची खूण काढा, नाहीतर सगळीकडं पुन्हा लॉगिन करावं लागेल. कॉम्प्युटरवर एकाच पानापुरतं करायचं तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही तीन बटणं एकत्र दाबा. सगळं ताजं येतं.

ॲपच्या बाबतीत मात्र हात जपून. सेटिंगमध्ये ॲपच्या ‘स्टोरेज’ भागात दोन बटणं असतात. ‘क्लिअर कॅशे’ दाबलं तर तात्पुरता साठा जातो, ॲप तो परत आणतं. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ दाबलं तर ॲपमधली तुमची माहितीच जाते. व्हॉट्सॲपवर ते दाबलं आणि बॅकअप नसेल तर जुन्या गप्पा गेल्या. आमच्या आळीत एका वहिनींच्या मोबाइलमध्ये असंच झालं, बचत गटाच्या हिशोबाचे मेसेज गेले. म्हणून आधी बटणाचं नाव पूर्ण वाचा.

साठा रोज साफ करायचीही गरज नाही. काही जण मोबाइल ‘हलका’ करायला रोज साफ करतात आणि मग म्हणतात डेटा लवकर संपतो. संपणारच. डबा रोज ओतून दिला तर मीठ रोज विकत आणावं लागेल. जुना फोटो अडला किंवा मोबाइलमध्ये जागाच उरली नाही, तेव्हाच करा.

आणखी एक. ‘तुमचा कॅश क्लिअर करून देतो, ओटीपी सांगा’ असं कुणी फोनवर म्हणालं तर फोन ठेवून द्या. कॅश साफ करायला ओटीपी लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि कुठलंही वेगळं ॲप लागत नाही.

शेवटी एवढंच

भावाचं पान चालवणाऱ्याला हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, वाईट वाटून घेतलं नाही. आता तो फोटोच्या नावात तारीख घालतो. त्याहून चांगलं म्हणजे फलकावर खडूनं मोठ्या अक्षरात तारीख लिहूनच फोटो काढतो. त्यामुळं फोटो साठ्यातून आला काय की कुणी ग्रुपवर पुढं ढकलला काय, जुना असेल तर बघताक्षणी कळतं.

फोटोवरून भाव, पाणी, औषध, तारीख असलं काही ठरवणार असाल तर आधी फोटोतली तारीख बघा. तारीख नसेल तर गाडी भरायच्या आधी एक फोन करा.